गाव वसायच्या आधी घर घेताना

नवी मुंबईच्या उलव्यात २०१० च्या आसपास घरं विकली गेली ती प्रामुख्याने दोन शब्दांवर: रेल्वे आणि विमानतळ. दोन्ही गोष्टी आल्या. खारकोपरपर्यंत लोकल ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ती पुढे उरणपर्यंत जायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि प्रवासी विमानं त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून उडू लागली. जाहिरात खोटी नव्हती. पण घर घेताना जे मूल बालवाडीत होतं, त्याची विमानतळ सुरू होईपर्यंत बारावी होऊन गेली होती.

तळोज्याचंही तसंच. बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि तिच्यात पहिला प्रवासी बसला १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झालं. २०२५ अर्धं उलटलं तरी तिच्यावरून प्रवासी गाडी धावत नव्हती. या सात-आठ किंवा बारा-पंधरा वर्षांत घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

नव्याने उभ्या राहणाऱ्या वसाहतीत घर घेऊच नका, असं मला सांगायचं नाही. कोथरूड, बोरिवली, डोंबिवली या साऱ्या वस्त्या एकेकाळी गावाबाहेरच होत्या आणि तिथे लवकर गेलेल्यांनी आपल्या पगारात स्वतःचं घर केलं. आजही नोकरी करणाऱ्या बहुतेक जोडप्यांना हक्काचं घर परवडतं ते शहराच्या कडेलाच. माझं म्हणणं हिशेबाबद्दल आहे. आज जे तिथे आहे, तेवढ्याचेच पैसे द्या. जे येणार आहे त्याची किंमत शून्य धरा आणि तरीही घर पटतंय का ते पाहा. स्टेशन आलं नाही, शाळा आली नाही, क्लबहाउस पाच वर्षं रखडलं, तरी आपण तिथे राहू शकू का? याचं उत्तर होकारार्थी असेल तरच पुढचे कागद काढायला सांगा.

पाणी कुठून येतं

सगळ्यात आधी पाणी, कारण नव्या वसाहतीतली सर्वांत जास्त भांडणं पाण्यावरून होतात आणि सर्वांत जास्त गोड उत्तरंही पाण्याबद्दलच मिळतात. विक्री कार्यालयात ‘कॉर्पोरेशनचं पाणी आहे’ असं सांगतात. त्याचे तीन अर्थ होऊ शकतात: जोडणी मिळाली आहे, जोडणीसाठी अर्ज केला आहे, किंवा पाइपलाइन कधीतरी येणार आहे. यातला नेमका कोणता, ते लेखी मागा.

हा प्रश्न किती खरा आहे, ते न्यायालयात गेलेल्या प्रकरणांतून दिसतं. पाणी पुरेसं नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर नव्या बांधकामांना लगाम घातला होता. त्याआधी, २०१५ मध्ये, कचऱ्याची विल्हेवाट लावता येत नाही म्हणून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या. या काही आडवळणाच्या जागा नव्हेत. हजारो कुटुंबं तिथे आधीच राहायला गेली होती.

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. अशा कडेच्या भागात परवानगी घेताना बिल्डर पालिकेला हमीपत्र देतो की, तुमचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी मी पुरवीन. घर घेणाऱ्याला या कागदाचा पत्ताही नसतो. मग ताबा होतो, सोसायटी बनते आणि टँकरचं बिल निमूटपणे मेन्टेनन्समध्ये घातलं जातं. त्या हमीपत्राची प्रत बिल्डरकडे मागा. दिली नाही तर परवानगी देणाऱ्या कार्यालयातून माहितीच्या अधिकारात काढा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे, आणि हा कागद हातात असलेली सोसायटी बिल्डरसमोर वेगळ्या आवाजात बोलू शकते.

टँकरचा हिशेब घरीच करता येतो. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. १०० घरांच्या इमारतीला ५४ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच-सहा टँकर. हे रोजचे. त्या भागातला टँकरचा दर विचारा, महिन्याचा आकडा काढा आणि १०० ने भागा. ब्रोशरमधल्या मेन्टेनन्सच्या आकड्यात तो धरलेला नसतो. मे महिन्यात शेजारच्या, राहत्या झालेल्या इमारतीच्या गेटवर सकाळी तासभर उभं राहिलं की बाकीचं कळतं. वॉचमनला विचारा, टँकर किती येतात आणि बोअर कधी आटते. त्याच्याकडे विकायला काही नसतं, त्यामुळे तो खरं सांगतो.

सांडपाण्याचंही विचारून ठेवा. प्रकल्पातला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, ज्याला सगळे एसटीपी म्हणतात, तो खरोखर चालतो की नुसताच बांधून ठेवला आहे, हे जवळ गेल्यावर नाकाला कळतं.

रस्ता, नदी आणि रात्रीचे दिवे

प्रकल्पाच्या आतले रस्ते नेहमीच सुंदर असतात. पाहायचा असतो तो गेटपासून हमरस्त्यापर्यंतचा तुकडा. तो विकास आराखड्यातला रस्ता आहे का? असेल तर त्याची जागा ताब्यात आली आहे का, की मधल्या शेतकऱ्याने अजून जमीन दिलेली नाही? आज वापरात असलेली वाट कुणाच्या सातबाऱ्यातून जाते? सर्व्हे नंबर माहीत असेल तर सातबारा महाभूलेखवर फुकट पाहता येतो. नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की, तुमच्या इमारतीच्या चहूबाजूंना काय येणार आहे तेही दिसतं. समोरचं मोकळं शेत बाल्कनीतला ‘व्ह्यू’ म्हणून विकलं जातं. नकाशावर तिथे कचरा प्रक्रिया केंद्राचं आरक्षण असू शकतं.

बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यात बघत असाल तर उल्हास नदीला विसरू नका. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. रेल्वेचा भराव जिथे पाण्याखाली गेला, तिथलं आजूबाजूचं सखल रान आज प्लॉट पाडून विकलं जात असेल तर सावध राहा. नदीकाठच्या जागेसाठी पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपली इमारत या रेषांच्या आत आहे की बाहेर, ते प्रकल्पाच्या आर्किटेक्टने नकाशावर बोट ठेवून सांगायला हवं. जागा एकदा भर पावसात, जुलैच्या मध्यावर, स्वतः जाऊन बघणं हे तर कुठल्याही दाखल्यापेक्षा खरं.

प्रवासाचं म्हणाल तर साइट व्हिजिट रविवारी ठेवतात, कारण रविवारी रस्ते मोकळे असतात. तुम्ही मंगळवारी किंवा बुधवारी जा. सकाळी आठला तिथून निघून ऑफिस गाठा आणि संध्याकाळी सातला परत तिथे या. कल्याण-शीळ रस्ता किंवा वाघोलीचा नगर रस्ता नकाशावर २० मिनिटांचा दिसतो, अंगावर घेतल्यावर त्याची लांबी कळते. घरातल्या बाईला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रात्री नऊला स्टेशनवरून घरी यायचं असेल, तर शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते, शेवटची बस कितीची आणि वाटेत दिवे कुठवर आहेत, हे तिलाच सोबत घेऊन जाऊन पाहा. घराचा निर्णय घेणाऱ्या पुरुषांकडून ही एक गोष्ट हमखास राहून जाते आणि पुढची कित्येक वर्षं ती बाई घड्याळाकडे बघत काढते.

त्याच फेरीत, अंधार पडल्यावर, आधी ताबा दिलेल्या इमारतींत किती खिडक्यांत दिवे आहेत ते पाहा. चार वर्षांपूर्वी ताबा दिलेली इमारत अजून निम्मी अंधारात असेल, तर तिथली घरं गुंतवणूकदारांनी घेतली आहेत आणि माणसं राहायला आलेली नाहीत. माणसं नसतील तर वाणी टिकत नाही, डॉक्टर दवाखाना टाकत नाही आणि शाळेची बसही वळत नाही.

रेरा नंबर ही सुरुवात

रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि घर घेणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा खरं हत्यार आलं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि कामाच्या प्रमाणातच ती काढता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, चालू दावे, पूर्णत्वाची तारीख आणि किती घरं विकली गेली, हे सगळं दिसतं. घर पाहायला जाण्याआधी हे पान वाचा. पूर्णत्वाची तारीख एकदा पुढे ढकललेली असेल तर कारण विचारा.

पण नंबर आहे म्हणून डोळे मिटू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यातल्या कुटुंबांनी कर्ज काढून, नंबर पाहूनच घरं घेतली होती. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारतींवर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत बुलडोझर फिरला. म्हणून सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, त्याचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ते तिथूनच निघालं आहे का ते विचारा. सीसी किती मजल्यांपर्यंत आहे तेही पाहा. बाराव्या मजल्यापर्यंतच परवानगी असताना अठराव्यावरचा फ्लॅट विकायला काढलेला असतो. जमिनीच्या टायटलसाठी आपला वकील आपणच नेमा. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल स्वच्छ, हा समज धोक्याचा आहे. बँक आपल्या कर्जापुरतं बघते.

मोठ्या टाउनशिपमध्ये घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट फार नीट समजून घ्यायला हवी. जाहिरातीत दिसते ती १०० एकरांची नगरी. रेरात नोंद असते ती तुमच्या टप्प्याची, कधी कधी तुमच्या दोन टॉवरचीच. बिल्डरची कायदेशीर तारीख तेवढ्या तुकड्याला लागू होते. शाळा, क्लबहाउस, तलाव, मोठं उद्यान हे चौथ्या किंवा सहाव्या टप्प्यात असेल, तर त्या टप्प्याची नोंदणीही अजून झालेली नसते. तुमचा टॉवर वेळेत पूर्ण होतो, कागदोपत्री सारं बरोबर असतं आणि मूल खेळायला जातं ते डंपरच्या रस्त्यावर. विक्री करणाऱ्याला विचारा, ‘ही सुविधा कोणत्या टप्प्यात आहे? त्या टप्प्याचा रेरा नंबर काय?’ नंबर नसेल तर त्या सुविधेची किंमत शून्य धरा. असेल तर तिचं क्षेत्रफळ आणि ती मिळण्याची तारीख करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घ्या. पार्किंगची लांबी, रुंदी, उंचीही त्यातच. ब्रोशर जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक. ले-आउटच्या मंजूर नकाशावर ‘भविष्यातील विकास’ असं लिहिलेल्या जागा शोधा. आज तिथे हिरवळ असते, उद्या तिथे चाळीस मजले येऊ शकतात. मंजूर नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश घरधारकांची आगाऊ लेखी संमती हवी, असं रेराचं कलम १४ सांगतं. म्हणूनच करारनाम्यात कुठेतरी ‘पुढील सर्व बदलांना खरेदीदाराची संमती आहे’ असं एक वाक्य पेरलेलं असतं. ते वाक्य काढायला सांगा. सहसा काढत नाहीत, तरीही हरकत ईमेलवर नोंदवून ठेवा. अशी सरसकट घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, असं फ्लॅटच्या मालकीबद्दलच्या जुन्या मोफा कायद्याखाली उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे आणि तुमचा तो ईमेल पुढे कामाला येतो.

पैशाचं

करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेणं बेकायदा आहे. ‘आज २० टक्के भरलेत तर हा रेट’ असं कुणी म्हटलं तर उठून या. किंमत नेहमी रेराच्या व्याख्येतल्या कार्पेट क्षेत्रावर काढा. त्यात बाल्कनी धरत नाहीत. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांच्या आत असेल आणि कार्पेट मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, पुण्यात ९० पर्यंत असेल, तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर घेतलं तर जीएसटी नाहीच. शिवाय मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी, तीही जास्तीत जास्त ३० हजार.

खरा ताण मात्र या आकड्यांचा नसतो. तो असतो भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरण्याचा. ताबा सांगितलेल्या तारखेनंतर दोन वर्षांनी मिळेल असं गृहीत धरून मी हिशेब मांडीन. तेवढे महिने दोन्ही भरता येत नसतील तर घर लहान घ्या किंवा थांबा. ‘ताब्यापर्यंत हप्ता नाही’ या योजनांपासून दूर राहा. त्यात कर्ज तुमच्या नावावर आधीच उचललेलं असतं, आणि बिल्डरने व्याज भरणं थांबवलं की बँक तुमच्या दारात येते. याच कारणाने राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं. ताबा लांबला तर रेराच्या कलम १८ खाली दर महिन्याचं व्याज मागता येतं, किंवा बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा २ टक्के अधिक आहे. आदेश मिळाला तरी वसुलीला वेळ लागतो, हेही ध्यानात असू द्या.

‘दोन वर्षांत दुप्पट होईल, मग विकू’ हा विचार अशा जागी सहसा फसतो, आणि त्यामागचं कारण साधं आहे. शेजारी बिल्डर स्वतःच नवे टॉवर विकत असतो. नवं घर, नवी ऑफर, मोफत मुद्रांक शुल्क, सोबत मॉड्युलर किचन. तुमच्या वापरलेल्या घराला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. वसाहत पुरी होत नाही तोवर तुमचं घर विकायला सोपं नाही, असं धरून चाला. निदान दहा वर्षं तिथे राहायचं असेल त्यानेच घ्यावं.

आणि ज्यांचं अजून मन होत नाही, त्यांच्यासाठी माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला: त्याच वसाहतीत अकरा महिने भाड्याने राहा. रिकामी घरं भरपूर असल्यामुळे भाडं शहरापेक्षा बरंच कमी असतं. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि शाळेचं एक सत्र तिथे काढलं की, कुठली इमारत गळते, कुठल्या बिल्डरचा माणूस फोन उचलतो आणि रात्री आजारी आई-वडिलांना किती वेळात दवाखान्यात नेता येतं, हे सगळं अनुभवाने कळतं. वयस्क आई-वडील सोबत असतील तर हे टाळूच नये. हृदयाचा झटका आलेल्या माणसाला ‘प्रस्तावित सुपरस्पेशालिटी’चा काही उपयोग नसतो.

ताबा आणि पहिली दोन वर्षं

‘फिट-आउटसाठी ताबा घ्या, ओसी आठवड्याभरात येईल’ असं सांगून किल्ली देतात. ओसीशिवाय, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, राहायला जाऊ नका. त्यावाचून पाण्याची कायमची जोडणी अडते आणि किल्ली घेतली की बिल्डरची घाई संपते. ताबा घेताना भिंतींतली ओल, स्लॅबचा उतार, ड्रेनेज यांची यादी करून, फोटो काढून ईमेल करा. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरने स्वखर्चाने करायची असते. दोन वर्षांचा आगाऊ मेन्टेनन्स घेतला असेल तर तो कोणत्या खात्यात आहे आणि सोसायटीला हिशेबासह कधी सोपवणार, ते त्याच वेळी लेखी विचारा.

५१ टक्के घरं विकली गेली की तीन महिन्यांत सोसायटी नोंदवण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. टाउनशिपमध्ये जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, मात्र ले-आउटमधल्या शेवटच्या इमारतीला ओसी मिळाल्यानंतर, सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेच्या नावे होतं. प्रकल्प पंधरा वर्षं चालला तर तुमच्या इमारतीखालची जमीन तोवर बिल्डरच्याच नावावर राहते. त्यामुळे आपल्या सोसायटीच्या इमारतीपुरतं अभिहस्तांतरण अडवून ठेवू देऊ नका. बिल्डरने टाळाटाळ केली तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.

सोसायटी झाली की पहिल्याच सर्वसाधारण सभेत तीन ठराव करून घ्या: मंजूर नकाशे, ओसी, अग्निशमन दाखला आणि लिफ्टच्या परवान्यांच्या प्रती बिल्डरकडून मागण्याचा, पाण्याच्या जोडणीसाठी पालिकेकडे लेखी अर्ज करण्याचा आणि बसमार्गाच्या मागणीचा. शेजारच्या सोसायट्यांनाही अर्जावर शिक्का मारायला लावा. पोच घ्या, तारीख टाका, दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र द्या आणि या फाइलची एक प्रत सचिवाच्या घरी नव्हे, सोसायटीच्या कार्यालयात ठेवा, म्हणजे समिती बदलली तरी काम पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.